फ्रान्समधली लढाई आणि वऱ्हाडचा कास्तकार



गेल्या हिवाळ्यात मेळघाटात सेमाडोहला शिक्षकांचे एक लहानसे शिबिर भरले होते. इतिहास कसा शिकवावा यावर चार शब्द सांगायला मला बोलावले होते. परतवाड्याहून निघालेली गाडी घाटाची वळणे घेत सागाच्या जंगलात शिरते आणि सिपना नदीच्या काठी सेमाडोहला पोचते. सिपना म्हणजे कोरकू बोलीत साग. अशा ठिकाणी बसून युरोपच्या इतिहासावर बोलायचे म्हणजे बोलणाऱ्यालाच जरा चमत्कारिक वाटते. तरी मी बोललो. बोलणे संपल्यावर एक तरुण गुरुजी उठले आणि म्हणाले, "सर, परवा मी वर्गात पहिलं महायुद्ध शिकवलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला अन् म्हणाला, गुरुजी, थे लढाई तिकडच्या लोकायची. आपल्याले काय घेणं त्याचं? मी त्याले म्हटलं, परीक्षेत येते म्हणून शिकायचं. तुम्ही असते तर काय सांगितलं असतं?"

त्या वेळी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. जग एक आहे, सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध असतो, अशा थाटाचे काही. गुरुजींनी मान हलवली, पण उत्तर त्यांना पटलेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हते. त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आज तुमच्यापुढे मांडतो.

युद्ध पेटले ते असे. २८ जून १९१४ या दिवशी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी यांचा सारायेव्हो या गावी एका सर्ब तरुणाने गोळ्या झाडून खून केला. बरोबर एका महिन्याने, २८ जुलैला, ऑस्ट्रियाने सर्बियाशी युद्ध पुकारले. सर्बियाच्या पाठीशी रशिया, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी, रशियाशी फ्रान्सचा करार, आणि बेल्जममध्ये जर्मन फौजा घुसल्यावर ४ ऑगस्टला इंग्लंडही मैदानात. आपल्या गावात धुऱ्यावरून भांडण निघते, तेव्हा धुरा हातभरच सरकलेला असतो. पण दोन्हीकडची भावकी काठ्या घेऊन उभी राहते. कारण धुऱ्याच्या आधी वीस वर्षांचे काही ना काही साचलेले असते. युरोपात तेच झाले होते. १८७१ साली जर्मनीने फ्रान्सचे दोन मुलूख हिसकावले, तो सल होता. आरमार कोणाचे मोठे यावरून जर्मनी आणि इंग्लंड यांच्यात चढाओढ होती. आफ्रिकेत आणि आशियात वसाहती कोणाच्या, कारखान्यांना कच्चा माल आणि गिऱ्हाईक कोठून मिळायचे, हा तंटा होता. बाल्कन देशांत तुर्कांचे राज्य आटत चालले होते आणि ती जागा कोणी घ्यायची हे ठरलेले नव्हते.

धुऱ्याच्या भांडणाची उपमा मात्र इथवरच चालते. गावात एखादा म्हातारा मध्ये पडतो, रात्र होते, डोकी थंड होतात. तिकडे तशी सवड राहिली नव्हती, आणि याचे एक कारण होते आगगाडी. लाखो माणसे, घोडे आणि तोफा सरहद्दीवर न्यायच्या तर गाड्यांचे वेळापत्रक आधीपासून मिनिटा-मिनिटाने बांधलेले असावे लागे. जो आधी माणसे जमवील तो जिंकेल, ही प्रत्येक सेनापतीची समजूत. त्यामुळे एकाने जमवाजमव सुरू केली की दुसऱ्याला थांबणे म्हणजे हार खाणे वाटे. १ ऑगस्टला जर्मनीच्या कैसरला वाटले, फ्रान्सशी लढाई टळेल. सगळे सैन्य पूर्वेला रशियाकडे वळवू. त्याचा सेनापती मोल्टके म्हणाला, आता ते होणे नाही, सगळी मांडणी झालेली आहे. म्हणजे राजा थांबू म्हणतो, आणि वेळापत्रक थांबू देत नाही! यंत्रयुगातली लढाई आणि आधीची लढाई यांतला फरक मुलांना सांगायचा झाला तर मी हा प्रसंग सांगेन.

हिंदुस्थानला कोणी विचारले नाही. इंग्लंडचा राजा युद्धात उतरला म्हणजे हिंदुस्थान उतरला. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी तसे जाहीर केले. पुढच्या चार वर्षांत दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली. त्यांतली ७४,००० वर परत आली नाहीत.

जर्मनीचा बेत सहा आठवड्यांत फ्रान्स संपवायचा होता. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्न नदीवर तो अडला. मग दोन्ही सैन्यांनी जमीन खोदली. समुद्रापासून स्वित्झर्लंडपर्यंत खंदक, पुढे काटेरी तार, तारेमागे मशीनगन. हल्ला करणारा मरे आणि बचाव करणारा वाचे, आणि तरी हल्ले चालूच. १ जुलै १९१६ ला सोम नदीवर इंग्रजांनी हल्ला केला, त्या एका दिवसात त्यांची १९,००० हून अधिक माणसे मेली.

आता या सोमच्या लढाईत आपण थोडे थांबू, कारण तिथे आपला परतवाडा येतो.

तुम्ही म्हणाल, हे कसे? तर थोडे मागे जावे लागेल. निजामाच्या राज्यात इंग्रजांनी आपल्या हुकमतीची एक फौज ठेवली होती, हैदराबाद कंटिंजंट. खर्च निजामाने द्यायचा. खर्च थकला, कर्ज झाले, आणि २१ मे १८५३ च्या तहाने डलहौसीने या फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. वऱ्हाडच्या कास्तकाराने सारा भरायचा, आणि त्यातून शिपायांचे पगार व घोड्यांचा दाणा चालायचा, असा तो व्यवहार. अचलपूरजवळ या फौजेची छावणी होती. परतवाड्याला आजही जुनी माणसे "कॅम्प" म्हणतात, तो कॅम्प हाच. १९०२ साली वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांनी घेतला, १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला, आणि कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या मुख्य सैन्यात मिळवल्या. त्यांच्या घोडदळाच्या एका रिसाल्याचे नाव पडले विसावा डेक्कन हॉर्स.

१४ जुलै १९१६ ची संध्याकाळ. सोमच्या रणांगणावर हाय वुड नावाच्या एका रानाजवळ जर्मनांची फळी फुटल्यासारखी दिसली. घोडदळाला हुकूम झाला. एक इंग्रज रिसाला आणि हा विसावा डेक्कन हॉर्स भाले सरसावून उभ्या पिकातून दौडत निघाले. पिकात लपलेल्या काही जर्मनांना त्यांनी गाठले, काहींना कैद केले, पण रानातून मशीनगन सुरू झाली. घोडा आणि मशीनगन यांचा सामना कितीसा टिकणार? रात्रभर त्यांनी जागा धरून ठेवली आणि मग त्यांना मागे बोलावले. ते रान पुरते हाती यायला १५ सप्टेंबर उजाडला.

१९०३ नंतर हिशेबाच्या वह्या वेगळ्या झाल्या होत्या, म्हणून त्या घोड्यांच्या तोंडचा दाणा वऱ्हाडच्या साऱ्यातला होता असे मी म्हणणार नाही. इतिहास शिकवणाऱ्याने एवढे ओढून-ताणून सांगू नये. पण ती फौज पन्नास वर्षे पोसली गेली ती या काळ्या मातीवर, हे खरे. डेक्कन हॉर्स हे नाव आजच्या भारतीय सैन्यातही आहे; घोडे गेले आणि रणगाडे आले.

दुसरी आघाडी होती मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची. तिथे गेली पुण्याची सहावी डिव्हिजन, आणि तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा या गावी तुर्कांनी त्यांना वेढले. सोडवायला आलेल्या फौजा पोचल्या नाहीत. रोजचे पीठ कमी-कमी होत गेले. घोडे मारून खायची पाळी आली, आणि ते मांस कित्येक हिंदी शिपायांना धर्मामुळे घशाखाली उतरेना. २९ एप्रिल १९१६ ला जवळजवळ १३,००० माणसे शरण गेली. कैदेच्या वाटेवर वाळवंटात आणि छावण्यांत त्यांतली हजारो मेली. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतल्या घराघरांत ही बातमी कशी पोचली असेल याचा विचार करा.

वऱ्हाडातून भरती थोडी. इंग्रजांनी कोणत्या जाती लढाऊ आणि कोणत्या नाहीत याचे कोष्टकच केलेले होते, आणि भरतीचा सगळा भर पंजाबवर होता. महारांची भरती तर त्यांनी पूर्वीच बंद करून टाकली होती. १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली तेव्हा ती पुन्हा उघडली, १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. बोलावताना जात आड आली नाही, घरी पाठवताना मात्र आली.

आणि त्या कोरकू मुलासाठी आणखी एक गोष्ट. कोरकू ही मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे. ती मुंडा भाषाकुळातली. छोटानागपूरची मुंडारी आणि संथाळी या तिच्या बहिणी. १९१७ साली त्या रांची-संथाळ परगण्यातून मुंडा, संथाळ, हो, उराँव अशा हजारो लोकांना मजूर-तुकड्यांत भरून फ्रान्सला नेले. रस्ते खोदणे, लाकूड तोडणे, बोजे वाहणे हे त्यांचे काम. थंडीत, बर्फात. त्यांच्यातल्या कित्येकांची बोली सेमाडोहच्या मुलाच्या बोलीची सख्खी नातलग होती.

ही झाली माणसे गेली त्यांची गोष्ट. आता लढाई आपल्या दारात आली, ती कशी ते पाहू. वऱ्हाडात ती बंदूक घेऊन आली नाही. कापसाच्या भावातून आली.

वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा अमेरिकन कापूस हवा असे. मग आपला कापूस कोण घेई? सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक जपान, आणि त्याच्या मागे जर्मनी, बेल्जम, इटली, ऑस्ट्रिया. जाडे सूत, घोंगड्या, चादरी यांना तो चाले. अमरावतीचा, खामगावचा, अकोल्याचा माल गठ्ठे बांधून मुंबईला आणि तिथून हँबुर्ग, ब्रेमेन, अँटवर्प, त्रिएस्त अशा बंदरांना जाई. बंडी जुंपून कापूस बाजारात नेणाऱ्या कास्तकाराला ही नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याला अडत्या ठाऊक.

ऑगस्ट १९१४ मध्ये यांतली जर्मन आणि ऑस्ट्रियन बंदरे एका आठवड्यात शत्रूची झाली. ऑक्टोबरात अँटवर्प जर्मनांनी घेतले. तिकडे एमडेन ही जर्मन लढाऊ बोट बंगालच्या उपसागरात जहाजे बुडवत फिरत होती. २२ सप्टेंबरला तिने मद्रासवर तोफा डागल्या आणि तेलाच्या टाक्या पेटवल्या. जहाजांचे भाडे आणि विमा भडकला. इतके सगळे होईतो आपल्याकडे पऱ्हाटीची बोंडे फुटायला आली होती. पीक उभे, आणि घेणारा लढाईत! हंगाम सुरू झाला तो कोसळलेल्या भावाने. बी, बैल, निंदणी यांसाठी काढलेले कर्ज मात्र जुन्याच भावाचे, आणि सावकाराला हँबुर्गचे कारण सांगून भागत नाही.

मग चाक उलटे फिरले. लढाई लांबली, विलायती कापड येईनासे झाले, मुंबईच्या गिरण्या रात्रंदिवस चालू लागल्या, जपान आणखी घेऊ लागला. १९१७-१८ मध्ये कापसाचे भाव असे चढले की जुन्या माणसांनी तसे पाहिले नव्हते. ज्याच्या घरात कापूस शिल्लक होता त्याचे फावले. काही घरांवर कौले चढली, काही अंगांवर सोने. पण मी शिक्षकांना विनंती करीन की हे सांगून थांबू नका. त्याच वेळी धोतर, लुगडे, मीठ आणि रॉकेल यांच्या किमती कोठे गेल्या तेही सांगा. कापड इतके महाग झाले की १९१८ मध्ये सरकारला त्यासाठी खास कायदा करावा लागला. मेळघाटातला कोरकू कोदो-कुटकी आणि ज्वारी पिकवून खाई. कापूस विकून पैसा येईल असे त्याच्याकडे काही नव्हते. मीठ आणि कापड तर त्याला विकतच घ्यावे लागे. म्हणजे तेजीचा फायदा त्याला एक पैशाचा नाही, आणि महागाई सगळी. त्या मुलाच्या पणजोबाच्या कमरेला त्या सालात नवे धोतर आले नसेल, तर त्याचे कारण सारायेव्होपासून शोधत यावे लागते.

चांदीची कथाही अशीच. जगभर चांदी महागली. रुपयाचे नाणे तेव्हा खऱ्या चांदीचे. त्यातली चांदी रुपयापेक्षा जास्त किमतीची होऊ लागली, तशी नाणी मडक्यात आणि जमिनीत गेली. सरकारने ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट काढली. तोवर खेड्यात नोट फारशी कोणी पाहिलेली नव्हती. कागदाचा रुपया! लोक बट्टा घेतल्याशिवाय तो मोडून देईनात. शेवटी अमेरिकेने १९१८ च्या एप्रिलमध्ये पिटमन कायदा करून आपल्या तिजोरीतली चांदी वितळवून विकायला काढली, आणि त्या चांदीचे रुपये इथल्या टाकसाळींत पडले. आजीच्या जुन्या गाठल्यात १९१८ चा रुपया असेल तर मुलांना तो वर्गात आणायला सांगा. त्यातली चांदी कदाचित डॉलरची असेल.

आणि मग मानमोडी. वयस्क श्रोत्यांनी हा शब्द आपल्या आजीकडून ऐकला असेल. १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला होता. जून महिन्यात मुंबई बंदरात नवा ताप दिसला, सैनिकांच्या आणि जहाजांच्या वाहतुकीबरोबर आलेला. पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली ती आगगाडीच्या रुळांवरून देशभर पसरली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्या भागात तिने कहर केला. हिंदुस्थानात सव्वा कोटी माणसे गेली असे सरकारी हिशेब त्या वेळी सांगत. पुढच्या अभ्यासकांनी हा आकडा आणखी वर नेला आहे. सगळ्यांत जास्त प्रमाण ज्या प्रांतात होते तो आपला, मध्यप्रांत आणि वऱ्हाड: हजारामागे साठाहून अधिक. हा ताप म्हाताऱ्यांपेक्षा तरुण माणसांना जास्त नेई. वेचणीचे दिवस, शेतात बोंडे फुटलेली, भाव आभाळाला टेकलेला, आणि कित्येक ठिकाणी वेचायला हात नाहीत. त्याच नोव्हेंबरच्या ११ तारखेला तिकडे तोफा थांबल्या. खंदकांत आणि रणांगणांवर चार वर्षांत साऱ्या जगाची जेवढी माणसे पडली, त्याहून अधिक या एका देशात काही महिन्यांत बिछान्यावर मेली. पाठ्यपुस्तकात याला एक ओळ मिळाली तरी पुष्कळ झाले.

युद्धानंतरचे मोठे परिणाम आपल्याला माहीत आहेत, ते भराभर सांगतो. जर्मनी, ऑस्ट्रिया, रशिया आणि तुर्कस्तान ही चार साम्राज्ये मोडली. २८ जून १९१९ ला, खुनाच्या बरोबर पाच वर्षांनी, व्हर्सायचा तह झाला. हिंदुस्थानच्या वतीने त्यावर सही केली ती भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी. जर्मनीवर दंड बसला, आणि त्या अपमानातून वीस वर्षांत दुसरे युद्ध आले. हिंदुस्थानने १९१७ मध्ये इंग्लंडला युद्धासाठी दहा कोटी पौंडांची 'देणगी' दिली होती. देणगी हा शब्द त्यांचा. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक उभे राहिले आणि स्वराज्याचा विषय काढू लागले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना पुढे बोलू दिले नाही. ते सभा सोडून गेले. टिळकांच्या होमरूल लीगचे क्षेत्र वऱ्हाडापर्यंत होते, आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्यांच्या अगदी जवळचे. युद्ध संपताच मिळाला तो रौलट कायदा, आणि १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बाग.

वऱ्हाडपुरता एक परिणाम मात्र सहसा कोणी सांगत नाही. निजाम मीर उस्मान अली खान यांनी युद्धात इंग्रजांना पैसा आणि फौज पुरवली. १९१८ मध्ये त्यांना 'हिज एक्झाल्टेड हायनेस' असा किताब मिळाला. किताबावर त्यांचे समाधान होईना. ऑक्टोबर १९२३ मध्ये त्यांनी आपल्या घराण्याच्या एकनिष्ठेची आठवण देत वऱ्हाड परत मागितला. २७ मार्च १९२६ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांचे उत्तर गेले. त्याचा मतलब असा की, या देशात सार्वभौम सत्ता इंग्रजांची आहे, तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालता येत नाही, आणि हा प्रश्न मिटलेला आहे. म्हणजे १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी दिलेला मुलूख सत्तर वर्षांनी फौजेच्या मदतीपोटी परत मागितला गेला. दोन्ही वेळी गहाण पडलेली वस्तू एकच, आणि तिच्यात तीस लाख माणसे राहत होती.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्यांना आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात, त्या अनेक तहसील कचेऱ्यांत अजून आहेत. जातपडताळणीसाठी लोक त्यांच्या नकला काढायला जातात. मी एका मैदानी गावची १९१८ सालची पाने पाहिली. आधीच्या महिन्यांत एका पानावर दोन-तीन महिने सहज मावतात. ऑक्टोबर आला की पाने भरतच जातात. नाव, बापाचे नाव, जात, वय. वय पंचवीस, वय तीस, वय अठरा. मरणाचे कारण या रकान्यात 'ताप'. त्याच्या खाली पुन्हा 'ताप'. लिहिणाऱ्याने पुढे-पुढे शब्द लिहिणेही सोडले आणि नुसत्या दोन आडव्या रेघा ओढल्या आहेत.

सेमाडोहच्या गुरुजींना मी हे पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले आहे. ते अर्ज करून जुनी वही पाहायला जाणार आहेत, आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला बरोबर नेणार आहेत.